आतून कडी

यंत्रांशी माझे नाते कसे आहे हे थोडक्यात सांगायचे, तर घरातला मिक्सर बिघडला की सौ. मला भाजी आणायला पाठवते आणि मी परत येईपर्यंत तो स्वतः दुरुस्त करून ठेवते. महाविद्यालयात मराठी शिकविणाऱ्या माणसाकडून याहून अधिक अपेक्षा कोणी करूही नये. जुन्या ओवीतले अध्याहृत क्रियापद मी चटकन हुडकून देईन. पण भिंतीवरच्या बटणापाशी आलो की माझी विद्या संपते. असे असताना यंदा मी आमच्या वाईच्या घरात एक कॅमेरा बसविला आणि तो पुण्यात बसून दिसावा अशी व्यवस्था केली, हे ऐकून माझे विद्यार्थी हसतील. त्यांनी अवश्य हसावे. फक्त तो का बसविला आणि त्याने मला काय दाखविले, एवढे ऐकून घ्यावे आणि मग हसावे.

वाईला मधल्या आळीत आमचे जुने घर आहे. वडील गेल्यापासून, म्हणजे गेली सहा वर्षे, आई तिथे एकटीच राहते. वय पंचाहत्तर. "पुण्याला चल" हे वाक्य मी तिला इतक्या वेळा म्हटले आहे की, आता ते परवचा म्हटल्यासारखे तोंडातून येते. "येईन की," हे तिचे उत्तरही तितकेच जुने. गेल्या पौषात एका सकाळी ती न्हाणीघराच्या उंबऱ्याशी घसरून पडली. मोडले काही नाही. पण कंबर अशी धरली की उठता येईना. उजाडताना पुढच्या दाराची कडी काढून ठेवायची तिची सवय, म्हणून दूध घालणाऱ्याला निदान आत येता तरी आले. तो आला साडेआठला. तोवर अडीच तास ती गार फरशीवर पडून होती.

त्या अडीच तासांत मी काय करीत होतो, हे मी नंतर आठवून पाहिले. मी दोनदा चहा घेतला होता, वर्तमानपत्र वाचले होते, आणि त्यातल्या अग्रलेखातल्या शुद्धलेखनाच्या चुकांना तांबड्या पेनाने खुणा केल्या होत्या.

माझा थोरला भाऊ टोरांटोला असतो. त्याचा फोन त्याच रात्री आला. "कॅमेरा लाव," तो म्हणाला. "आजच्या आज लाव. तुला वाईला पोचायला दोन तास लागतात रे. मला दोन दिवस लागतात." यावर काय बोलणार? पुढच्याच आठवड्यात मी कॅमेरा घेऊन वाईला गेलो. कृष्णाबाईच्या उत्सवाचे दिवस होते. घाटावर मांडव पडला होता आणि आई कंबरेला पट्टा बांधून मांडवात जाऊन आली होती. "आई, इथे एक कॅमेरा लावतोय," मी म्हणालो. "लाव हो," ती म्हणाली. नळ दुरुस्त करणाऱ्याला म्हणावे तसेच. मी त्याला होकार समजलो.

माजघराच्या दारावर, देवाच्या तसबिरीशेजारी तो डोळा बसला. तिथून आईची कॉट, स्वयंपाकघराचे दार आणि न्हाणीघराची वाट असे सगळे दिसत होते. ओसरीवर बसून मी फोन उघडला आणि काय आश्चर्य! माजघर फोनमध्ये लख्ख दिसू लागले. आई तांदूळ निवडीत होती. मी स्वतःवरच खूष झालो. परतीच्या वाटेवर खंबाटकीचा बोगदा ओलांडल्यावर मोठ्या ऐटीने पुन्हा फोन उघडला, तो नुसते एक वर्तुळ गरगर फिरत राहिले. पुण्यात आल्यावरही तेच वर्तुळ. रात्री आईला फोन करून मी विचारले, "आई, त्या डबीवरचा दिवा हिरवा आहे का?" "कुठल्या डबीवरचा? हळदीच्या?" असे आमचे संभाषण अर्धा तास चालले. दिवा हिरवा होता. कॅमेरा चालू होता. तो फक्त मला दिसत नव्हता.

चिरंजीव नुकतेच अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला गेले आहेत. त्यांनी माझा फोन पाहिला आणि हसून म्हटले, "बाबा, तुम्ही आतला पत्ता घेऊन बाहेर निघालात."

मग त्याने समजावून सांगितले, आणि मी ते माझ्या भाषेत समजून घेतले. माझे मामा पूर्वी सदाशिव पेठेत एका वाड्यात बिऱ्हाड करून होते. रस्त्यावर वाड्याचा नंबर एकच. आत बिऱ्हाडे पंधरा. "जिन्याखालची खोली" हा पत्ता वाड्यात सर्वांना ठाऊक. पण तो पाकिटावर लिहून पत्र टाकले, तर पोस्टमनने ते कुठे न्यावे? जिन्याखालच्या खोल्या गावभर असतात. आमच्या कॅमेऱ्याचा १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता अगदी असाच होता. हा पत्ता लक्षावधी घरांत असतो आणि घराबाहेर त्याला काही अर्थ नसतो. बाहेरून येणाऱ्याला आधी वाड्याचा नंबर हवा, आणि दिंडीदाराशी कोणीतरी "अमक्याकडे आलात का? मग उजवीकडे वळा," असे सांगणारे बसलेले हवे. मामांच्या वाड्यात हे काम मालकीणबाई करीत. वाईच्या घरात ते राउटर नावाच्या पेटीने करायचे होते. बाहेरून ठरावीक क्रमांकाच्या दाराशी आलेली हाक कॅमेऱ्याकडे धाडायची, एवढा एकच नियम तिला शिकवायचा. याला पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात. मी म्हटले, एवढेच ना!

एवढेच नव्हते. पुढच्या शनिवारी आम्ही बापलेक वाईला गेलो. मुलाने पेटीला नियम शिकविला, तरी बाहेरून काही दिसेना. मग त्याने पेटीचा बाहेरचा पत्ता पाहिला आणि कपाळावर हात मारला. तो १००.७२ ने सुरू होत होता. म्हणजे वाड्याचा म्हणून जो नंबर आम्ही समजत होतो, तोसुद्धा आतलाच! इंटरनेटवरच्या जुन्या पद्धतीच्या पत्त्यांची एकूण संख्याच सुमारे ४२९ कोटी. एवढ्या माणसांना, फोनांना आणि कॅमेऱ्यांना ते कुठून पुरणार? आशिया-पॅसिफिक भागातला मोकळा साठा एप्रिल २०११ मध्ये जवळजवळ संपला. मग कंपन्यांनी युक्ती काढली की, एका पत्त्यामागे शेकडो घरे बसवायची. त्यासाठी १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे आकडे २०१२ साली वेगळे काढून ठेवले आहेत. थोडक्यात, आमचा वाडा आता एका मोठ्या वाड्याच्या आत होता आणि त्या बाहेरच्या दिंडीवर बसलेल्या मालकीणबाई आमचे ऐकणार नव्हत्या. नव्या पद्धतीचे लांबलचक आणि मुबलक पत्ते निघाले आहेत. पण आमच्या वाईच्या जोडणीला ते मिळालेले नव्हते. जोडणी देणाऱ्या कंपनीला फोन केला, तेव्हा स्वतंत्र पत्ता फक्त व्यापारी ग्राहकांना मिळेल, असे उत्तर आले.

मी हिरमुसलो. मुलगा मात्र म्हणाला, "बरंच झालं बाबा. असं दार उघडं टाकणं मला पटतच नव्हतं." आणि त्याने मला २०१६ सालची हकिकत सांगितली. त्या साली मिराई नावाचा एक उपद्रवी प्रोग्राम जगभर हिंडत होता. उघड्या दारांवर तो टकटक करी आणि कारखान्यातून येतानाच यंत्रावर असलेली नावे नि परवलीचे शब्द एकामागून एक म्हणून पाही. अशा जोड्या त्याच्याजवळ सुमारे साठच होत्या. पण तेवढ्यावर लाखो कॅमेरे नि पेट्या त्याच्या हाती लागल्या, कारण मालकांनी तो पहिला शब्द कधी बदललाच नव्हता. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी त्याच्या ताब्यातल्या यंत्रांनी एका मोठ्या पत्ता-सेवेवर एकदम गर्दी केली, तेव्हा अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारखी संकेतस्थळे काही तास उघडेनात. "तुम्ही शब्द बदललात ना?" मुलाने विचारले. मी खिडकीबाहेर पाहू लागलो. त्याने तो तिथल्या तिथे बदलला.

कॅमेरा बनविणाऱ्या कंपनीची एक सोपी वाट होती. कॅमेऱ्याने कंपनीच्या दूरच्या यंत्राशी बोलायचे, आम्हीही त्याच यंत्राशी बोलायचे. म्हणजे चित्र मिळाले. पण आईचे माजघर आधी कुणाच्या तरी दुकानात जाऊन मग माझ्याकडे येणार, हे मला बरे वाटेना. शेवटी मुलानेच दुसरा तोडगा काढला. पत्त्यांच्या जोडाएवढे दोन संगणक आणले. एक वाईला, एक पुण्याला. वाईच्या घराला बाहेरून हाक मारता येत नाही; पण ते घर स्वतः बाहेर हाक मारू शकते. आणि सुदैवाने आमच्या पुण्याच्या घराला खरा, बाहेरचा पत्ता होता. तो वरचेवर बदलतो. पण त्याला एक नाव बांधून ठेवता येते, म्हणजे बिऱ्हाड हलले तरी पाटी आपोआप नव्या दारावर लागते. तेव्हा वाईच्या संगणकाने पुण्याच्या संगणकाला हाक मारायची, आणि दोघांनी मिळून मधे एक बंद बोगदा खणायचा. त्या बोगद्यातून जाण्यासाठी किल्ल्या चार केल्या. त्यातली एक टोरांटोला गेली. किल्ली नसलेल्या माणसाने कितीही हाका मारल्या, तरी आतून ओसुद्धा येत नाही.

हे सारे जुळून आले तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. मला त्यातली एक गोष्ट फार गमतीची वाटली. आईच्या घरात डोकावण्यासाठी तिच्या घराचे दार उघडून चालले नाही. एक लहानशी खिडकी उघडी ठेवावी लागली, ती माझ्या घराची. आणि हाक मारावी लागली, ती तिच्या घराने. पण गंमत म्हणून ही गोष्ट मी मनाच्या एका कोपऱ्यात टाकून दिली आणि आईला बघायला बसलो.

बघण्याची चटक लागते हे मला ठाऊक नव्हते. दोन तासांमधल्या सुटीत मी बघू लागलो. पेपर तपासताना बघू लागलो. दादा टोरांटोहून बघे, आणि मग आम्ही दोघे तिच्याविषयी बोलत असू. "आज तिने दुपारी जेवण नीट केलेलं दिसत नाही." "काल नऊलाच दिवा मालवला." तिच्याविषयी आम्ही इतके कधीच बोललो नव्हतो. तिच्याशी बोलणे मात्र कमी झाले होते. दिसते आहे ना ठीक, मग फोन कशाला?

याच दिवसांत मी कुठेसे वाचले की, अशा तऱ्हेचा पहिला कॅमेरा १९९१ साली केंब्रिज विद्यापीठाच्या संगणकशाळेत एका कॉफीच्या भांड्यापुढे लावला होता. दूरच्या खोलीतून उठून जावे आणि भांडे रिकामे निघावे, असा हेलपाटा पडू नये म्हणून! १९९३ मध्ये ते भांडे साऱ्या जगाला दिसू लागले आणि २००१ साली तो कॅमेरा बंद झाला. वाचून मी हसलो. पण हसणे मधेच थांबले. हेलपाटा वाचविण्यासाठीच हा डोळा जन्माला आला होता. कॅमेरा लागण्यापूर्वी मी महिन्यातून दोनदा वाईला जात असे. कॅमेरा लागल्यापासून एकदाही आपणहून गेलो नव्हतो.

आणखी एक गोष्ट माझ्या नजरेस यायला हवी होती. पण बघणाऱ्याला सगळे दिसतेच असे नाही. आई हल्ली दुपारी आडवी होताना दिसत नव्हती. नेसूही चांगले, बाहेर जायचे असल्यासारखे. मला वाटले, प्रकृती सुधारली.

भाद्रपदातल्या एका दुपारी शिक्षकांच्या खोलीत मी फोन उघडला, तो पडदा काळा. बोगदा शाबूत होता, वीज होती. कॅमेराच तेवढा मेला होता. आईला फोन केला. वाजून वाजून थांबला. पुन्हा केला. पुन्हा तेच. शेजारच्या काकूंना फोन केला आणि माझ्या तोंडून शब्द नीट फुटेना. "बघते हो," म्हणून त्या धावल्या. पुढची बारा मिनिटे कशी गेली ते सांगत नाही. काकूंचा फोन आला तेव्हा त्या हसत होत्या. दाराला आतून कडी होती. पुष्कळ ठोठावल्यावर आईने ती काढली. ती न्हाऊन, केस मोकळे सोडून माजघरात चटईवर गाढ झोपली होती. फोन स्वयंपाकघरात. आणि कॅमेऱ्याची वायर तिने स्वतःच्या हाताने उपटून ठेवली होती. का, म्हणून काकूंनी विचारले, तर म्हणाली, "जरा घरात असल्यासारखं वाटावं म्हणून."

त्या शनिवारी मी वाईला गेलो. रागावूनच गेलो होतो. आईने आधी जेवायला वाढले. मग सुपारी कातरता कातरता म्हणाली, "अरे, कोणी आलं की मी पदर सारखा करते. तू आलास तरी करते. माणूस गेलं की पाय पसरते. पण ह्या तुझ्या डोळ्याला जायचं ठाऊकच नाही. तू बघतोस केव्हा, बघत नाहीस केव्हा, मला काय कळतं? म्हणजे चोवीस तास तू आलेलाच आहेस असं धरून बसायचं. आणि आलास म्हणावं तर बोलायला कोणी नाही."

"पण आई, तू पुन्हा पडलीस तर?"

"पडले तर तुला दिसेन. मग काय करशील?"

"काकूंना फोन करीन."

"मग त्यांनाच सांगून ठेवू की. दोन पावलांवर तर आहेत."

मी गप्प बसलो. तीही थोडा वेळ गप्प होती. मग अडकित्ता खाली ठेवून म्हणाली, "मला भीती वाटत नाही असं समजू नकोस. त्या दिवशी फरशीवर पडले होते ना, तेव्हा मी तुम्हा दोघांनाच हाका मारल्या. ऐकू जायच्या नाहीत हे माहीत होतं, तरी मारल्या."

मी मान वर केली नाही. मराठीचा शिक्षक म्हणून माझ्याजवळ शब्द पुष्कळ आहेत. त्यातला एकही त्या वेळी कामाचा नव्हता.

मग आम्ही दोघांनी बसून वाटाघाटी केल्या. कॅमेरा तसबिरीजवळून काढला आणि न्हाणीघराकडे जाणाऱ्या बोळात लावला. तिथून कॉट दिसत नाही, माजघर दिसत नाही. ती जिथे पडली तो उंबरा आणि त्याच्या अलीकडची चार हात फरशी तेवढी दिसते. त्याचे बटण तिच्या हाताशी आणले. पहाटे उठली की ती ते लावते, दुपारी जेवण झाले की बंद करते, चार वाजता पुन्हा लावते. मधले तीन तास तिचे. उंबऱ्याशी भिंतीला धरायला एक दांडा ठोकून घेतला. खरे म्हणजे हे काम पहिल्याच दिवशी व्हायला हवे होते. आणि या सगळ्याच्या बदल्यात तिनेही एक गोष्ट सोडली. पुढच्या दाराला आता दिवसा आतून कडी नसते. बाहेरून किल्लीने उघडेल असे कुलूप बसविले आहे आणि त्याची दुसरी किल्ली काकूंकडे असते. मी डोळा सोडला, तिने कडी सोडली.

दादाला हे पटलेले नाही. "त्या तीन तासांत काही झालं तर?" असे तो विचारतो. त्याचा प्रश्न खोटा नाही आणि माझ्यापाशी त्याला उत्तरही नाही. मी त्याला एवढेच सांगितले की, तीन तास घर तिचे ठेवण्यासाठी आपण तेवढी भीती सोसली पाहिजे. आजवर ती एकटी सोसत होती. तो बराच वेळ बोलला नाही. हल्ली तो तिला रोज फोन करतो.

मुलाने परवा मला आणखी एक गंमत सांगितली. तो बोगदा उघडा राहावा म्हणून वाईचा संगणक दर पंचवीस सेकंदांनी पुण्याला एक अगदी लहानसा निरोप पाठवितो. त्यात मजकूर काहीच नसतो. नुसते "आहे" म्हणण्यासारखे. मी हिशेब केला; दिवसाला ३४५६ वेळा होतात. न कंटाळता, न चुकता ते यंत्र माझ्या दाराशी येऊन "आहे, आहे" म्हणत असते. मी आईला फोन करतो तो दिवेलागणीला, दिवसातून एकदाच. पण त्या वेळी ती विचारते, "जेवलास का?" आणि ते मात्र कुठल्याही बोगद्यातून आपोआप येत नाही. त्यासाठी मलाच हाक मारावी लागते.

गेल्या शनिवारी मी वाईला गेलो होतो. तपासायचे पेपर बरोबर नेले होते. आई कॉटवर बसून काकूंच्या सुनेविषयी काहीतरी सांगत होती. मी हूं हूं करीत होतो. थोड्या वेळाने आवाज थांबला म्हणून मान वर केली, तर बोलता बोलताच तिचा डोळा लागला होता. मी समोर बसलेला असताना! पेपराचे पान उलटले तर आवाज होईल म्हणून मी तसाच बसून राहिलो. दुपारचे दोन वाजले होते. बोळातला कॅमेरा बंद होता. पुढचे दार नुसते लोटलेले होते.